पुराची तयारी आयर्विनच्या फुटांवर: घर, दुकान आणि विमा

आमच्या घराचा आकडा 52. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा 50 फुटांवर गेली की गावभागातल्या आमच्या बोळात पाणी येतं, आणि जोतं दोन फुटांचं असल्यामुळे 52 ला ते उंबरा ओलांडतं. हा आकडा आम्हाला घराच्या भिंतीनं सांगितला. स्वयंपाकघरात खिडकीशेजारी तीन रेघा आहेत. पहिली सासूबाईंनी 2005 ला कोळशानं ओढली, जमिनीपासून दीड फुटावर. 2019 ची साडेपाच फुटांवर, माझ्या डोक्याच्या वर. 2021 ची तीन फुटांवर. त्या त्या वर्षी आयर्विनला किती फूट होतं ते सांगलीत कुणालाही विचारा: 2019 ला 57 च्या वर, 2021 ला 55 च्या आसपास. त्यातून घरातलं पाणी वजा केलं की आपल्या उंबऱ्याचा आकडा निघतो. इंचाला इंच जुळत नाही, पण सामान कधी उचलायचं हे ठरवायला पुरतो.

तुम्हीही पहिलं काम हेच करा. इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45 फूट हे सगळ्यांना पाठ असतं, पण ते शहराचे आकडे झाले. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, काकानगर इथल्या लोकांच्या दारात पाणी त्याच्या कितीतरी आधी येतं, आणि विश्रामबागेत माझ्या नणंदेकडे 57 लाही अंगण कोरडं होतं. नवीन राहायला आला असाल तर घरमालकाला विचारा, आणि शेजारच्या किराणावाल्यालाही विचारा. त्याचा माल भिजलेला असतो, त्याला बरोबर आठवतं. कोल्हापूरकरांनी हाच हिशेब राजाराम बंधाऱ्यावर करायचा. तिथे इशारा 39 फूट, धोका 43 फूट.

आपल्याकडच्या पुराची एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. कृष्णा हळू चढते. कोयनेतून किती सोडलं, वारणा किती आणतेय, हे आदल्या दिवसापासून कळत असतं. 22 जुलै 2021 ला चिपळूणला वाशिष्ठीनं लोकांना झोपेतून उठायलाही नीट वेळ दिला नाही. चिपळूण, महाडकडच्या लोकांनी फुटाफुटाची वाट न बघता जून लागताच खालचं मौल्यवान सामान वर न्यावं. आपल्याला एक-दोन दिवस मिळतात. ते रिकाम्या चर्चेत घालवले की शेवटच्या चार तासांत माणूस चुकीचं सामान वाचवतो. 2019 ला मी लोणच्याच्या बरण्या माळ्यावर टाकल्या आणि शिलाई मशीन खाली राहिलं.

पण दोन दिवसांत विमा होत नाही. म्हणून आधी विम्याचं सांगते. हे काम मार्च-एप्रिलचं, नदीच्या पात्रात वाळू दिसत असतानाचं.

आमचा विमा होता, तरी काय झालं

मी एका कापड दुकानात हिशेब लिहिते. यांचं मारुती चौकाच्या बाजूला मोटर रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटारींत तार पुन्हा भरण्याचं, दुकान आहे. शेतावरच्या पाणबुडी मोटारी, पिठाच्या गिरणीच्या मोटारी, पंखे, मिक्सर. दुकानावर बँकेचं कॅश क्रेडिट, म्हणजे मालावरचं फिरतं कर्ज, होतं आणि बँक दरवर्षी खात्यातून विम्याचा हप्ता कापायची. पासबुकात ती नोंद मी स्वतः बघत होते. विमा आहे, एवढ्यावर आम्ही निर्धास्त होतो. पॉलिसीचा कागद मी पहिल्यांदा नीट वाचला तो 2019 च्या नागपंचमीला दुकानात पाणी शिरल्यानंतर.

तेव्हा तीन गोष्टी कळल्या आणि तिन्ही मला आधी कळायला हव्या होत्या.

पहिली, विम्याची रक्कम. कर्ज घेतलं तेव्हा तीन लाखांचा माल आणि यंत्रं दाखवली होती, ती रक्कम तशीच पुढे चालत आली. 2019 ला दुकानात तांब्याची तार, बेअरिंग, वाइंडिंग मशीन, भट्टी मिळून सहा लाखांचं सामान होतं. नुकसान झालं 2 लाख 40 हजारांचं. आम्हाला वाटलं, विमा तीन लाखांचा आहे, नुकसान त्याच्या आतलं आहे, सगळे पैसे मिळतील. तसं होत नाही. सहा लाखांच्या मालाचा तीन लाखांचा विमा म्हणजे निम्मा धोका तुम्ही स्वतःच्या अंगावर ठेवला, असा हिशेब धरतात. याला सरासरीचं कलम म्हणतात. त्यामुळे 2 लाख 40 हजारांचे निम्मे, 1 लाख 20 हजार. त्यातून दाव्याच्या पाच टक्के किंवा किमान 10 हजार आपण सोसायचे असं कलम होतं. हातात आले 1 लाख 10 हजार.

दुसरी गोष्ट मला जास्त लागली. दुकानात तेव्हा 34 मोटारी दुरुस्तीला आलेल्या होत्या. सगळ्या गिऱ्हाइकांच्या, बहुतेक शेतकऱ्यांच्या. पॉलिसीत दुकानदाराचा स्वतःचा माल धरला होता. दुसऱ्याचा माल आपल्या ताब्यात असेल तर तो वेगळा लिहून घ्यावा लागतो, नाहीतर त्याचा एक रुपया मिळत नाही. टेलर, ड्रायक्लीनर, मोबाइल दुरुस्तीवाले, गॅरेजवाले, सोनार, सगळ्यांना हे लागू आहे. यांनी त्या 34 मोटारी स्वतःच्या खर्चानं पुन्हा भरून दिल्या. चार महिने लागले.

तिसरी, घराचा विमा नव्हताच. बँकेनं घराच्या कर्जाबरोबर एक विमा दिला होता, पण तो यांच्या जिवाचा होता, कर्ज फेडण्यापुरता. घरावर कर्ज असलेल्या प्रत्येकानं आजच कागद काढून बघावा की आपला विमा माणसाचा आहे, भिंतींचा आहे की दोन्हींचा.

आता काय घ्यायचं

1 एप्रिल 2021 पासून विमा नियामकानं घरांसाठी एक ठरावीक पॉलिसी आणली, भारत गृह रक्षा. सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे ती मूळ कलमांनिशी सारखीच मिळते, त्यामुळे एजंटच्या बोलण्यात हरवायला होत नाही. पूर, वादळ, भूकंप, दरड, वीज, आग हे सगळं तिच्यात आहे. घटनेनंतर सात दिवसांच्या आत झालेली चोरीही आहे. पुरात घर सोडून गेलेल्यांना याचं महत्त्व सांगायला नको.

या पॉलिसीत घराची किंमत म्हणजे बाजारभाव नव्हे. जमिनीचा विमा होत नाही, जमीन वाहून जात नाही. मोजायचा तो पुन्हा बांधण्याचा खर्च. घराचं कार्पेट क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये घ्या आणि आजच्या बांधकामाच्या दरानं गुणा. आमचं घर 60 चौरस मीटर. ओळखीच्या मिस्त्रीला विचारलं, त्यानं 20 हजार रुपये चौरस मीटर सांगितलं. 12 लाख झाले. घराचा विमा घेतला की घरातल्या सामानाचा त्याच्या 20 टक्के विमा आपोआप मिळतो, जास्तीत जास्त 10 लाखांपर्यंत. म्हणजे आम्हाला 2 लाख 40 हजार. मी सामानाची यादी केली तर बेरीज 3 लाख 70 हजारांवर गेली, म्हणून वरची रक्कम यादी देऊन वाढवून घेतली. दुकानाच्या विम्यात आम्हाला नडलं ते सरासरीचं कलम या घराच्या पॉलिसीत नाही. रक्कम थोडी कमी पडली तरी त्या कारणानं दावा निम्मा होत नाही. घर राहण्यालायक उरलं नाही तर दुसरीकडे राहण्याचं भाडंही मिळतं. आम्हाला वर्षाचा हप्ता दोन गॅस सिलिंडरच्या पैशात बसला.

भाड्याच्या घरात असाल तर फक्त सामानाचा विमा घ्या. भिंती मालकाच्या, पण फ्रिज तुमचा आहे. दागिने आणि चांदीची भांडी साध्या सामानात धरत नाहीत, त्यांची किंमत ठरवून वेगळा विमा घ्यावा लागतो. रोख पैसे, कागदपत्रं आणि वाहन यांना या पॉलिसीत संरक्षण नाही. आणि अर्जात बांधकामाचा प्रकार खरा लिहा. गावभागात अजून मातीच्या भिंतींची घरं आहेत. ती कागदावर पक्की झाली तर दाव्याच्या दिवशी अडचण तुमची.

छोट्या दुकानांसाठी तशीच भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा आहे, एका जागेची मालमत्ता 5 कोटींच्या आत असेल तर. तिच्यात रक्कम 15 टक्क्यांपर्यंत कमी पडली तर सोडून देतात, त्याच्या पुढे मात्र सरासरी लागते. म्हणून दर मार्चला स्टॉक मोजताना विम्याची रक्कमही बघायची. आम्ही आता ती पॉलिसी घेतलीय आणि तिच्यात एक ओळ मुद्दाम लिहून घेतलीय, दुरुस्तीसाठी आलेला गिऱ्हाइकांचा माल. पत्ताही तपासा. गोदाम हलवलं आणि पॉलिसीवर जुना गाळा नंबर राहिला तर नव्या गोदामातलं नुकसान विम्याच्या बाहेर जातं.

गाडीचं थोडक्यात. थर्ड पार्टी विम्यात पुराचे पैसे मिळत नाहीत, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग हवा. इंजिनसाठी वेगळं जोडकलम मिळतं, पूरपट्ट्यात राहत असाल तर घ्या. आणि पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीला स्टार्टर मारू नका. इंजिनात पाणी असताना मारलेला एक स्टार्टर पूर्ण इंजिन घालवतो, आणि ते पुरानं झालं की तुमच्या हातानं झालं यावर कंपनी वाद घालते.

यादी

विम्याचा कागद घेणं सोपं आहे. घरात काय होतं हे दाखवणं अवघड. चिखलात लोळलेल्या कपाटाकडे बघून आत पैठणी होती की जुन्या चादरी, हे नुकसान तपासायला कंपनीकडून येणाऱ्या सर्व्हेयरला कसं कळणार?

मी दर अक्षय्य तृतीयेला मोबाइलवर घराचा व्हिडिओ काढते. दारापासून सुरुवात, डाव्या हातानं भिंत धरून चालत राहायचं, खोली चुकत नाही. प्रत्येक वस्तूपाशी थांबून तोंडानं बोलायचं: हा फ्रिज, 2022 ला घेतला, 24 हजार. मागचा नंबराचा स्टिकर जवळून घ्यायचा. कपाटं आणि ड्रॉवर उघडून दाखवायचे. स्वयंपाकघराला सगळ्यात जास्त वेळ लागतो. तांब्या-पितळेची भांडी, मिक्सर, गिरणी, वर्षाचं धान्य, तिखट-मसाला, तेलाचा डबा. हे सगळे पैसेच आहेत, आणि 2019 ला माझ्या यादीत यातलं काही नव्हतं. बारा-पंधरा मिनिटांचा व्हिडिओ होतो. तो मुलाला पुण्याला पाठवते आणि ईमेलवरही ठेवते, कारण मोबाइलसुद्धा भिजतो. बिलांचे फोटो त्यातच. जुन्या वस्तूंची बिलं नसतात, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. लग्नाच्या, बारशाच्या फोटोत मागे टीव्ही दिसतो, कपाट दिसतं, तेही कामाला येतात.

कागदपत्रांसाठी माझ्याकडे पाच लिटरची रुंद तोंडाची प्लास्टिकची बरणी आहे, फिरकीच्या झाकणाची. घराचं खरेदीखत, सिटी सर्व्हेचा उतारा, दोन्ही पॉलिसी, रेशनकार्ड, पासबुक, गाडीचं आरसी, मुलांचे दाखले, सासूबाईंची दवाखान्याची फाइल, सगळं गुंडाळी करून तिच्यात. ती पाण्यात पडली तरी तरंगते. लॅमिनेशनवर भरवसा ठेवू नका. पाणी कडेनं आत शिरतं आणि बाहेर यायला वाट राहत नाही, कागद आतल्या आत कुजतो. आधार, आरसी, दहावी-बारावीची मार्कशीट डिजिलॉकरमध्ये ठेवता येते. घराचे कागद मात्र स्कॅन करून स्वतःच ठेवावे लागतात.

फुटांप्रमाणे कामं

आमच्या फ्रिजवर एक कागद चिकटवलेला आहे. त्यावरचे आकडे आमच्या घराचे आणि दुकानाचे आहेत. तुम्ही तुमच्या उंबऱ्याच्या आकड्यातून मागे मोजत या.

30 फूट. अजून इशारा नाही. दुकानात नवीन मोटारी घेणं बंद. आलेल्या गिऱ्हाइकाला हे सांगतात, पाणी उतरल्यावर आणा. 2019 नंतर हा नियम केला, सुरुवातीला दोन गिऱ्हाइकं तुटली. घरात सासूबाईंची रक्तदाबाची औषधं पंधरा दिवसांची आणून ठेवायची. गच्चीवरची टाकी भरून घ्यायची. रिकामी टाकी वाऱ्यानं पडते, आणि पूर आला की नळाचं पाणी कधी सुरू होईल ते सांगता येत नाही. 2019 ला चहूकडे पाणी आणि प्यायला घोट नाही, अशी गत होती.

35 फूट. दुकानातल्या मोटारी छोटा हत्ती टेम्पोत भरून नणंदेच्या अंगणात. हे काम कसं करतो ते नीट सांगते, कारण 2019 ला घोटाळा इथेच झाला होता. प्रत्येक मोटारीला तारेनं पत्र्याचा बिल्ला बांधलेला असतो. कागदाची चिठ्ठी भिजली की मोटार अनाथ होते. बिल्ल्यावर खिळ्यानं ठोकलेला नंबर, वहीत तोच नंबर, गिऱ्हाइकाचं नाव, गाव, कुठपर्यंत काम झालं. वहीच्या पानांचा फोटो. टेम्पोत चढवताना एकजण नंबर वाचतो, दुसरा वहीत टिक करतो. टेम्पो याच दिवशी सांगायचा. 40 झाल्यावर एकही टेम्पो मिळत नाही, आणि मिळाला तर जो भाव म्हणेल तो.

40 फूट. पोरं पूल बघायला धावतात, धावू द्या, आपण घरात कामाला लागायचं. दोन्ही दुचाकी विश्रामबागेत नेऊन लावायच्या. दुकानातली वाइंडिंग मशीन चेन ब्लॉकनं, म्हणजे साखळीच्या कप्पीनं, छताच्या हुकाला टांगायची. घरात खालच्या कप्प्यातलं सगळं वरच्या पत्र्याच्या खोलीत. क्रम ठरलेला आहे: गाद्या सगळ्यात आधी, कारण भिजलेली कापसाची गादी चौघांना उचलत नाही आणि फेकावीच लागते. मग शिलाई मशीन, मिक्सर, धान्य, पुस्तकं. स्टीलची भांडी खालीच राहू द्या, ती धुता येतात. प्लायवुडचं कपाट वाचत नाही, त्यातलं सामान वाचवा. 2019 नंतर आम्ही खालच्या मजल्यावर प्लायवुड केलंच नाही, कडाप्प्याचे कप्पे केले.

43 फूट. मोरी आणि संडास. नवीन लोकांना हे माहीत नसतं: पाणी उंबऱ्यावरून येण्याआधी गटारीतून उलटं फिरतं आणि मोरीच्या भोकातून बुडबुडे येत वर येतं. मोरीत कापड गुंडाळलेला लाकडी गुट्टा ठोकायचा. संडासाच्या भांड्यावर जाड प्लास्टिक आणि त्यावर वाळूचं अर्धं भरलेलं पोतं. अर्धंच, म्हणजे ते बसतं. पूर थांबत नाही यानं, पण मैल्याचं पाणी आधी घरात येत नाही.

45 फूट. आम्ही निघतो. आमच्या उंबऱ्याला अजून सात फूट बाकी असतात, तरी निघतो, कारण उंबरा कोरडा असला तरी बोळाच्या तोंडाशी रस्ता बंद होतो. निघताना मेन स्विच बंद. इन्व्हर्टरच्या बॅटरीची वायर काढायची, नाहीतर लाइट गेली तरी घरातल्या तारांत वीज राहते. गॅसचा रेग्युलेटर काढून टोपी लावायची आणि सिलिंडर वर न्यायचा. भरलेला सिलिंडरसुद्धा पाण्यावर तरंगतो आणि खोलीभर आपटत फिरतो. फ्रिज रिकामा करून उभाच टेबलावर चढवायचा आणि खिडकीच्या गजाला बांधायचा. घरातल्या प्रत्येक खोलीचा एक शेवटचा फोटो. सासूबाई देवाचे टाक पदरात बांधून घेतात, तोवर आम्ही थांबतो. त्यांना घाई करत नाही, त्यासाठीच 45 ठरवलाय.

उशिरा निघू नका, हे मी हात जोडून सांगते. 8 ऑगस्ट 2019 ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला बोट उलटली आणि माणसं गेली. पाण्यानं वेढलेल्या गावातून निघणाऱ्या माणसांची ती बोट होती. रस्ता कोरडा असेपर्यंत बोट लागत नाही. जनावरं असतील तर त्यांचा मुक्काम आणि वैरण 35 फुटांनाच बघून ठेवा, कारण गोठ्यात गाय असताना कुठलाही शेतकरी घर सोडत नाही. विमा काढलेल्या जनावराच्या कानातला बिल्ला शाबूत आहे का तेही बघा. मदत लागली तर जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाचा नंबर 1077, तो भिंतीवरही लिहा आणि म्हाताऱ्यांच्या फोनमध्येही टाका.

पाणी उतरल्यावर

परत आल्यावर हात आधी खराट्याकडे जातो. थांबा. दारातून आत पाय टाकतानाच व्हिडिओ सुरू करा, त्याच वाटेनं, डाव्या हातानं भिंत धरून. आधीचा आणि आताचा व्हिडिओ शेजारी ठेवला की अर्धं काम होतं. विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा, फोन करा आणि ईमेलही करा. दाव्याचा नंबर मिळेल तो लिहून ठेवा.

आता अडचण अशी की सर्व्हेयर यायला वेळ लागतो आणि गाळ थांबत नाही. ओला असताना गाळ पाण्याच्या फोर्सनं निघतो, एकदा वाळला की खणून काढावा लागतो. मी कंपनीला ईमेल लिहिला: घर राहण्यालायक करण्यासाठी गाळ काढत आहोत, फोटो जोडले आहेत, खराब वस्तू वेगळ्या ठेवल्या आहेत. मग गाळ काढला. खराब वस्तू ताडपत्रीखाली दाराशी रचल्या आणि वर पुठ्ठ्यावर लिहिलं, विमा पाहणी बाकी, नेऊ नये. महापालिकेचे डंपर रस्त्यावरचा कचरा उचलतात, त्यात तुमचा पुरावा जाऊ शकतो. 2019 ला गणपती पेठेत दुकानांपुढे मालाचे ढीग होते, आणि आज असलेला ढीग उद्या तिथे नसायचा.

तलाठ्याचा पंचनामा वेगळा आणि विमा वेगळा, दोन्ही करा. पंचनाम्यावर सानुग्रह अनुदान मिळतं. 2019 ला शहरात घरटी 15 हजार होतं. तेवढ्यात गाद्या आणि धान्य येतं. पंचनाम्याची प्रत मागून घ्या, विम्याच्या दाव्याला जोडता येते.

विजेच्या वस्तूंबद्दल हे सांगतात ते तसंच लिहिते. भिजलेली मोटर, पंखा, मिक्सर, वॉशिंग मशीन बाहेरून वाळलं म्हणून सुरू करायचं नाही. आतल्या वाइंडिंगमध्ये पाणी राहतं. मोटर उघडायची, गाळ स्वच्छ पाण्यानं धुवायचा, बेअरिंग काढायची, आणि कॉइल भट्टीत किंवा आत बल्ब लावून वाळवायची. एक-दोन दिवस जातात. मग मेगर, म्हणजे वाइंडिंगमधून वीज गळते का ते मोजणारं यंत्र, लावायचा. रीडिंग एक मेगाओमच्या खाली असेल तर पुन्हा वाळवायची. 2019 ला यांच्याकडे भिजून आलेल्या मोटारींपैकी ज्या घरी चालू करून बघितल्या होत्या त्या जळून आल्या होत्या, पूर्ण तार बदलावी लागली. ज्या तशाच आणल्या त्यातल्या बऱ्याच नुसत्या वाळवून आणि व्हार्निश करून सुटल्या. घरातलं वायरिंगही वायरमननं तपासल्याशिवाय मेन स्विच वर करू नका.

कंपनीनं कमी रक्कम दिली किंवा दावा नाकारला तर कारण लेखी मागा. आधी कंपनीच्याच तक्रार विभागाला लिहा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं, त्यांचं पुण्यात कार्यालय आहे. वकील लागत नाही, फी नाही, 50 लाखांपर्यंतच्या तक्रारी चालतात. नकार मिळाल्यापासून वर्षाच्या आत जायचं.

पिण्याचं पाणी उकळून किंवा मेडिक्लोर (क्लोरीनचं औषध) टाकून. गाळ काढताना बूट घालाच. पायाला जखम असेल तर डॉक्टरांना दाखवून लेप्टोची (पुराच्या घाण पाण्यातून होणाऱ्या तापाची) गोळी विचारा. बादल्या, खराटे आणि हातमोजे आम्ही नणंदेकडेच ठेवलेत, कारण पुरानंतर आठवडाभर बाजारात ते मिळत नाहीत. भिंती निदान महिनाभर वाळू द्या, ओल्या भिंतीवर लावलेला रंग दिवाळीपर्यंत पापुद्र्यांनी सुटतो.

आणि भिंती धुण्याआधी पाण्याची खूण बघून ठेवा. गाळाची ती तपकिरी कड पहिल्या धुण्यात जाते. टेप लावून जमिनीपासून उंची मोजा, खिळ्यानं रेघ ओढा, शेजारी तारीख आणि त्या दिवशीचे आयर्विनचे फूट लिहा, त्याचा फोटो काढा. मग पाइप लावा.